रायफल कॅडेटच्या हाती देताना: सुरक्षित हाताळणी आणि सरावाची पद्धत

एनसीसीत नव्याने दाखल झालेल्या आठवी-नववीच्या मुलामुलींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, फायरिंग कधी?" या प्रश्नाला तारीख सांगून उत्तर देऊ नये. रायफल रिकामी आहे की नाही हे न सांगता, न आठवण करून देता, प्रत्येक वेळी स्वतः तपासण्याची सवय ज्या दिवशी हाताला लागेल त्या दिवशी, असे उत्तर द्यावे आणि ते खरे करून दाखवावे. ठाण्यातल्या एका महाविद्यालयात एएनओ (असोसिएट एनसीसी ऑफिसर, म्हणजे तुकडीची जबाबदारी असलेला शिक्षक) म्हणून काम करताना माझ्या मनावर जे ठसले ते असे की, प्रत्यक्ष गोळी झाडण्याच्या क्षणी धोका तुलनेने कमी असतो. त्या क्षणी कॅडेट चटईवर पालथा पडलेला असतो, नळी बटाकडे, म्हणजे लक्ष्यांमागच्या मातीच्या बंधाऱ्याकडे, असते, शेजारी उस्ताद, म्हणजे लष्करातून आलेले प्रशिक्षक, बसलेले असतात आणि सगळ्यांचे लक्ष एकाच ठिकाणी असते. धोका असतो तो त्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या मिनिटांत, म्हणजे रायफल कोतातून (शस्त्रागारातून) बाहेर काढताना, एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाताना, आणि पाच गोळ्या संपल्या म्हणून कॅडेट सुटकेचा निःश्वास टाकतो तेव्हा.

एका शिबिरात असे झाले. माझ्या तुकडीतल्या एका हुशार मुलीने चौथी गोळी झाडली, आणि ती कुठे लागली हे विचारण्यासाठी, रायफल तशीच धरून, ती कमरेतून मागे वळली. चेहऱ्यावर कौतुकाची अपेक्षा होती. नळीचे तोंड शेजारच्या दोन कॅडेटवरून फिरत माझ्या गुडघ्यापर्यंत आले, आणि पाचवे काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला झाडायच्या जागी, होते. उस्तादांनी एका हाताने नळी पुन्हा बटाकडे वळवली आणि दुसऱ्या हाताने बोल्ट, म्हणजे चेंबर बंद करणारा सरकता दांडा, उघडला. कोणालाही काही झाले नाही. चूक मुलीची नव्हती, माझी होती. गोळी कशी झाडायची हे मी तिला शिकवले होते, पण फायरिंग पॉइंटवर प्रश्न कसा विचारायचा हे शिकवलेच नव्हते. तेव्हापासून माझ्या पहिल्या तासात तोच धडा असतो: काही विचारायचे असेल, काही अडले असेल, घाम डोळ्यांत गेला असेल, मुंगी चावली असेल, तरी रायफल जागची हलवायची नाही, मान वळवायची नाही, डावा हात वर करायचा आणि प्रशिक्षक आपल्यापाशी येईपर्यंत थांबायचे.

हाताळणीचे मूळ नियम थोडे आहेत आणि ते सर्वांना तोंडपाठ असतात, म्हणूनच त्यांच्या पाठांतरावर मी फारसा विश्वास ठेवत नाही. प्रत्येक रायफल भरलेली आहे असे समजून वागावे. जिच्यावर गोळी झाडायची नाही अशा कोणत्याही गोष्टीकडे नळी वळू देऊ नये. नेम लागून गोळी झाडण्याचा निर्णय होईपर्यंत बोट ट्रिगर गार्डच्या (ट्रिगरभोवतीच्या कड्याच्या) बाहेर, रायफलच्या लाकडाला लागून सरळ ठेवावे. आणि लक्ष्याच्या मागे काय आहे हे आधी माहीत करून घ्यावे. यातला बोटाचा नियम मुलांकडून सर्वांत जास्त मोडला जातो, कारण ट्रिगर गार्ड दिसला की बोट आपोआप आत शिरते. मोबाईलवरच्या खेळांनी ही सवय अधिकच पक्की केली आहे. त्यावर उपाय रागावण्याचा नाही, पाहत राहण्याचा आहे. मी कॅडेटना जोडीने उभे करतो, एकाच्या हाती रायफल आणि दुसऱ्याचे काम फक्त पहिल्याच्या बोटाकडे पाहण्याचे. दुसऱ्याचे बोट आत गेलेले ज्याला दिसते, त्याला स्वतःचे बोट लवकर आठवते.

डीपी रायफल, म्हणजे ड्रिलसाठी निकामी केलेली रायफल, हा एक फसवा प्रकार आहे. तिच्यातून गोळी सुटणार नाही हे सर्वांना माहीत असते आणि त्यामुळे परेडच्या मैदानावर ती खांद्यावर टाकून गप्पा मारणे, मित्राच्या पाठीला नळी लावणे असले चाळे होतात. हात मात्र डीपी आणि खरी असा फरक करीत नाही. जे आज निकामी रायफलीने केले तेच उद्या खऱ्या रायफलीने होते. म्हणून डीपी रायफलीलाही तोच नियम, तीच शिक्षा.

आता तपासणीची पद्धत, जी सगळ्यांत जास्त वेळ घेऊन शिकवावी. एनसीसीत बहुतेक ठिकाणी .22 बोअरची रायफल असते: एक जुनी, सुमारे चार किलो वजनाची नंबर 2 मार्क 4, जिच्यात एका वेळी एकच काडतूस भरता येते, आणि दुसरी इशापूरच्या कारखान्यात बनलेली डीलक्स, जी वजनाला हलकी आहे आणि जिला पाच काडतुसांचे मॅगझीन (काढता येणारी पेटी) आहे. मॅगझीन असलेल्या रायफलीत क्रमाला फार महत्त्व आहे. आधी मॅगझीन काढावे, मग बोल्ट मागे ओढावा. क्रम उलटा झाला, म्हणजे आधी बोल्ट ओढून चेंबरमधले काडतूस बाहेर टाकले आणि मॅगझीन तसेच ठेवून बोल्ट पुढे ढकलला, तर मॅगझीनमधले पुढचे काडतूस गुपचूप चेंबरमध्ये जाऊन बसते, आणि कॅडेटची मात्र खात्री असते की त्याने आत्ताच रायफल रिकामी केली. रिकाम्या म्हणून हाताळलेल्या रायफलीतून गोळी सुटते ती बहुधा अशीच. बोल्ट उघडल्यावर चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहावे, उजेड कमी असेल तर करंगळीचे टोक चेंबरच्या तोंडाशी टेकवून चाचपावे, नजर दुसरीकडे न्यावी आणि पुन्हा एकदा पाहावे. पहिल्या नजरेत माणूस जे पाहायची अपेक्षा करतो तेच पाहतो, दुसऱ्या नजरेत जे आहे ते पाहतो.

रायफल हस्तांतरित करताना ही तपासणी दोघांनी करायची. देणाऱ्याने बोल्ट उघडून, आत पाहून, "रिकामी आहे" असे मोठ्याने म्हणावे; घेणाऱ्याने स्वतः पाहून "रिकामी पाहिली" असे म्हणावे आणि मगच हात पुढे करावा. देणारा सीनियर अंडर ऑफिसर (सर्वांत वरिष्ठ कॅडेट) असो, उस्ताद असोत की मी स्वतः, घेणाऱ्याने तपासायचेच. सुरुवातीला मुले संकोचतात, सरांनी दिलेली रायफल तपासणे त्यांना उद्धटपणाचे वाटते. तो संकोच मोडण्यासाठी मी अधूनमधून निष्क्रिय ड्रिल काडतूस चेंबरमध्ये ठेवून रायफल कॅडेटच्या हाती देतो आणि तो तपासतो का हे पाहतो. हा प्रयोग अर्थातच वर्गातला आहे, तिथे जिवंत काडतूस आणलेले नसते. ड्रिल काडतूस आणि जिवंत काडतूस एका खोलीत कधीही असू नये. परेडमधले "निरीक्षण के लिए जाँच शस्त्र" हे देखील हीच तपासणी आहे, पण ड्रिलच्या ठेक्यात तिचा अर्थ हरवतो, आणि मुले चेंबर दाखवतात खरी, पण स्वतः आत पाहत नाहीत.

पालकांची सभा घेतली की दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, हे कायदेशीर आहे का. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 9 प्रमाणे, प्रशिक्षणापुरत्या ठरावीक सवलती सोडल्या तर, 21 वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीला अग्निशस्त्र बाळगता येत नाही. एनसीसीच्या कॅडेटला कलम 45 खाली सूट आहे ती कर्तव्याच्या ओघात असतानाची. हा शेवटचा भाग मुलांना नीट समजावून सांगावा. फायरिंग संपल्यावर एक जिवंत काडतूस आठवण म्हणून खिशात टाकून घरी नेले तर ती सूट तिथेच संपते आणि विनापरवाना दारूगोळा बाळगल्याचा गुन्हा सुरू होतो, मग ते काडतूस पुढे विमानतळावर बॅगेच्या कप्प्यात सापडो की कपाटात. दुसरा प्रश्न असतो, यातून पुढे काय. त्याला मी अंजली भागवत यांचे उदाहरण देतो, ज्या मुंबईत महाविद्यालयात असताना एनसीसीच्या वाटेने नेमबाजीत आल्या आणि सिडनीच्या 2000 सालच्या ऑलिम्पिकमध्ये अंतिम फेरीपर्यंत पोहोचल्या. नवी मुंबईच्या पालकांना तर पनवेलच्या सुमा शिरूर यांचे नाव सांगितले की पुरे होते. अथेन्सच्या 2004 च्या अंतिम फेरीत त्या होत्या आणि पुढे त्यांनी प्रशिक्षक म्हणून अनेक नेमबाज घडवले. मात्र मुलाला किंवा मुलीला भीती वाटत असेल तर गोळी न झाडण्याची मुभा असली पाहिजे, हेही त्याच सभेत सांगावे. घाबरलेल्या हातात बळेच दिलेली रायफल कोणाच्याच हिताची नसते.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर मैदान चिखलाचे असते, आणि ही अडचण नसून सोय आहे असे मी मानतो. हे चार महिने सभागृहात चटया टाकून रिकाम्या रायफलीचा सराव करून घ्यावा. सर्वप्रथम कॅडेटचा प्रबळ डोळा कोणता ते पाहावे. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटी त्रिकोणी खिडकी करायची, तिच्यातून समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी दोन्ही डोळ्यांनी पाहायची आणि मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला टाकी जागेवर दिसत राहते तो प्रबळ डोळा. उजव्या हाताचा पण डाव्या डोळ्याचा कॅडेट दर तुकडीत एखादा तरी निघतोच, आणि हे आधी लक्षात आले नाही तर "तुझा नेमच वाईट आहे" असे ऐकत तो वर्षभर कुढत राहतो.

पालथे पडून नेम धरताना शरीर रायफलीच्या रेषेला थोडे तिरपे असावे, पाय फाकलेले आणि टाचा जमिनीला टेकलेल्या असाव्यात, डावे कोपर शक्य तितके रायफलीखाली यावे आणि दस्ता, म्हणजे रायफलीचा मागचा भाग, खांद्याच्या खोबणीत घट्ट बसावा. मग डोळे मिटून दोन श्वास घ्यावेत आणि उघडावेत. नेम लक्ष्यावरून सरकलेला दिसला तर हातांनी रायफल ओढून आणू नये, पोटावर किंचित फिरून सगळे शरीरच वळवावे. ओढून आणलेला नेम ट्रिगर दाबताच मूळ जागी परततो. श्वास सोडल्यानंतर जो सहज विसावा मिळतो त्यात ट्रिगर दाबायचा असतो. आठ-दहा सेकंदांत गोळी सुटली नाही तर बोट बाहेर काढून, श्वास घेऊन, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी. ट्रिगरचा सराव करण्यासाठी एक जुनी युक्ती अजून उपयोगी पडते: पुढच्या साइटजवळ नळीवर एक रुपयाचे नाणे ठेवायचे आणि ते न पाडता ट्रिगर दाबायचा. वागळे इस्टेटमधून येणाऱ्या एका मुलाने सलग वीस वेळा नाणे न पाडता दाखवले होते. तो पुढे पहिल्याच फायरिंगला घट्ट ग्रुपिंग (गोळ्या एकमेकींजवळ लागणे) काढून बसला तेव्हा मला आश्चर्य वाटले नाही. या सरावात एक तांत्रिक काळजी घ्यावी. .22 चे काडतूस कडेवर आघात होऊन पेटणारे आहे, त्यामुळे चेंबर अगदी रिकामे ठेवून वारंवार ट्रिगर दाबला तर फायरिंग पिन थेट चेंबरच्या काठावर आपटून दोन्हींचे नुकसान होऊ शकते. म्हणून अशा सरावात निष्क्रिय ड्रिल काडतूस वापरावे.

जागेच्या टंचाईमुळे ठाणे-नवी मुंबईत सरावाला सोपी पडते ती दहा मीटरची 4.5 मिलिमीटरची एअर रायफल. एक लांबट खोली आणि मागे गोळी अडवणारी भक्कम आडोशाची व्यवस्था असली की काम भागते. तिला खेळणे समजू नये, कारण तिची छर्‍याएवढी गोळी डोळा कायमचा घालवू शकते. स्पर्धांत रायफल रिकामी असल्याची खूण म्हणून नळीतून आरपार जाईल असा भडक रंगाचा सेफ्टी फ्लॅग घालावा लागतो. ही पद्धत वर्गातही ठेवावी, म्हणजे खोलीच्या दारातूनच कोणालाही कोणती रायफल रिकामी आहे ते दिसते.

प्रत्यक्ष फायरिंगचा दिवस ऑक्टोबरनंतर येतो. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा रेंज वापरण्याआधी बटाची पाहणी अवश्य करावी, आणि इथे बट म्हणजे लक्ष्यांमागचा मातीचा बंधारा. रायफलीच्या मागच्या भागाला मी मुद्दाम दस्ता म्हणतो, म्हणजे मुलांचा गोंधळ होत नाही. कोकणातल्या पावसाने बटावरची माती वाहून जाते आणि आतला मुरूम, दगड उघडे पडतात. .22 ची शिशाची गोळी दगडावर आपटून कोणत्याही दिशेला उडू शकते, म्हणून दगड वेचून, वर चाळलेली माती टाकल्याशिवाय फायरिंग करू नये. लक्ष्य पंचवीस यार्डांवर असले तरी हीच गोळी मोकळ्या जागेत दीड किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते, हे कॅडेटना ओळखीच्या अंतरात सांगावे: तलावपाळीवरून सुटली तर ठाणे स्टेशन ओलांडून जाईल इतकी. लाल निशाण लावल्याशिवाय, पाहारेकरी जागेवर गेल्याशिवाय आणि प्रथमोपचाराची पेटी व वाहन तयार असल्याशिवाय दारूगोळ्याची पेटी उघडू नये.

मोबाईल आधीच गोळा करावेत. रायफलीबरोबर फोटो काढण्याचा मोह मोठ्यांनाही आवरत नाही, आणि फोटो काढताना नळी कुठे आहे याकडे कोणाचेच लक्ष नसते. पूर्ण बाह्यांचा गणवेश, गळ्याचे बटण लावलेले, केस घट्ट बांधलेले, डोळ्यांवर चष्मा आणि कानांवर मफ किंवा प्लग असावेत. .22 चा आवाज लहान वाटतो, पण कानाशी तो 140 डेसिबलच्या घरात असतो. कापसाचा बोळा त्यासाठी पुरेसा नाही.

काडतुसे फायरिंग पॉइंटवरच आणि मोजूनच द्यावीत. मागे थांबलेल्या तुकडीजवळ ना रायफल असावी ना काडतूस. हुकूम एकाच माणसाच्या तोंडून यावेत, पण "स्टॉप" हा शब्द मात्र कोणीही, अगदी पहिल्या वर्षाच्या कॅडेटनेही, ओरडायला मुभा असावी, आणि तो कानावर पडताच सर्वांनी बोट बाहेर काढून स्तब्ध राहावे. एकदा एक कुत्रे लक्ष्यांसमोरून गेले तेव्हा मागे बसलेल्या एका छोट्या मुलीने बेंबीच्या देठापासून "स्टॉप" ओरडून सगळी रेंज थांबवली होती. तिचे मी सर्वांदेखत कौतुक केले. लक्ष्य पाहायला पुढे जायची वेळ आली की सगळे बोल्ट उघडे, मॅगझीन बाहेर, रायफली जमिनीवर, नळ्या बटाकडे, आणि कॅडेट उठून एक पाऊल मागे. कोणीही पुढे असताना रायफलीला हात लावायचा नाही, पुसण्यासाठीही नाही.

ट्रिगर दाबला आणि गोळी सुटली नाही तर कॅडेटचा पहिला हात बोल्टकडे जातो. नेमके तेच टाळायचे असते. काडतूस उशिराने पेटण्याची शक्यता असते, त्यामुळे नळी बटाकडेच ठेवून, बोट बाहेर काढून, डावा हात वर करून किमान अर्धा मिनिट थांबावे. मग बोल्ट प्रशिक्षकाने उघडावा, चेहरा बाजूला ठेवून. याहून फसवा प्रसंग म्हणजे नेहमीच्या टणत्काराऐवजी नुसता फुसका आवाज येणे. अशा वेळी गोळी नळीतच अडकलेली असू शकते आणि पुढची गोळी झाडली तर नळी फुटू शकते. आवाज वेगळा वाटला तर फायरिंग तिथेच थांबवून, रायफल रिकामी करून, नळी आरपार मोकळी आहे की नाही ते तपासल्याशिवाय ती रायफल पुन्हा वापरात आणू नये.

शेवटी हिशेब. दिलेली काडतुसे म्हणजे रिकाम्या पुंगळ्या, न फुटलेली काडतुसे आणि परत आलेली काडतुसे यांची बेरीज. ती जुळत नसेल तर कोणीही रेंज सोडू नये, मग परतीची बस उभी का राहीना. एकदा एक पुंगळी कमी भरली म्हणून आम्ही पाऊण तास गवत चाचपत होतो, आणि ती अखेर एका मुलाच्या बुटात सापडली. त्याला ती आजोबांना दाखवायची होती. मला वाईट वाटले, पण पुंगळी परत घेतली. प्रत्येक कॅडेटने खिसे उलटे करून दाखवावेत आणि आपल्याजवळ जिवंत काडतूस किंवा रिकामी पुंगळी नाही असे मोठ्याने सांगावे. त्यानंतर साबणाने हात धुवावेत. शिशाचे कण बोटांना लागलेले असतात, आणि नेमका तेव्हाच वडापाव वाटला जातो.

रायफल कोतात परत करण्यापूर्वी तिची सफाई त्याच दिवशी व्हायला हवी. पुल-थ्रूला, म्हणजे नळी साफ करायच्या दोरीला, चिंधी लावून ती चेंबरच्या बाजूने घालून नळीच्या तोंडाकडे ओढावी, चिंधी स्वच्छ निघेपर्यंत बदलत राहावी आणि मग तेलाचा अगदी पातळ हात द्यावा. खाडीच्या काठच्या आपल्या दमट, खारट हवेत एवढ्यावर भागत नाही. दुसऱ्या दिवशी आणि पुन्हा तिसऱ्या दिवशी कोरडी चिंधी ओढून पाहावी. बहुतेक वेळा आदल्या दिवशी पांढरी निघालेली चिंधी तांबूस निघते. हे काम मी ज्यांनी गोळी झाडली त्याच कॅडेटना देतो, आणि तेव्हाही बोल्ट उघडून, चेंबरमध्ये दोनदा पाहूनच ते पुल-थ्रूला हात लावतात.